शिकारीचें वाहन आणि रानांतला बिछाना

दिवाळी उरकून थंडीस आरंभ झाला, म्हणजे कोल्हापुरांतील घराघरांत दाजीपूरला जाण्याची गोष्ट निघते. मुलांना गवे पाहावयाचे असतात, तरुण मंडळींना नवी मोटार रानांत घालून पाहावयाची असते, आणि वडीलधाऱ्यांना एकच चिंता असते कीं, रात्रीं पाठ टेकावयाची कोठें. वाहन कोणतें न्यावें आणि निजावयाचें कसें, हे दोन प्रश्न सुटले म्हणजे बाकीचें सारें डब्यांतील दशम्या व चटणी यांपुरतें उरतें. हे दोन्ही प्रश्न फार जुने आहेत. मागील पिढ्यांत ते ज्यांना वारंवार सोडवावे लागत, ते लोक म्हणजे शिकारी. शिकार हा शब्द या सदरांत पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठी पडेल, हें आम्ही जाणतों. आमच्या घरांतून बंदूक कधींच नव्हती. आणि १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानें शिकारीस बंदी झाली, याबद्दल आम्हांस तिळमात्र हळहळ वाटत नाहीं. परंतु रानांत कसें शिरावें व रानांत कसें निजावें याविषयींचें शिकाऱ्यांचें ज्ञान पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाचें होतें. बंदुकीबरोबर तेंही अडगळींत टाकावें, असें त्यांत कांहीं नाहीं.

वाहनाचा विचार आधीं करूं. आणि त्यासाठीं कोल्हापूर सोडून दूर जाण्याचें कारण नाहीं. राजर्षि शाहूमहाराजांस शिकारीचा शौक होता हें सर्वश्रुत आहे, व त्यांचे चिरंजीव राजाराममहाराज यांच्या कारकीर्दींतही तो चालू राहिला. करवीरची विशेष ख्याति होती ती चित्त्यांकडून करविल्या जाणाऱ्या काळविटांच्या शिकारीबद्दल. येथें एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडे बिबळ्यालाच चित्ता म्हणण्याचा प्रघात वर्तमानपत्रांतूनही दिसतो, तो चुकीचा आहे. चित्ता हा लांब पायांचा, बारीक कंबरेचा, डोळ्यांपासून ओठांपर्यंत काळी रेघ उतरलेला असा निराळाच प्राणी होय. तो माणसाळतो, मात्र बंदिवासांत त्याची वीण जवळजवळ होतच नसे. मोगल बादशहांनीं शेंकडों चित्ते बाळगले; तरी बंदिवासांत पिलें झाल्याची त्या काळची नोंद एकच, ती जहांगीर बादशहाच्या वेळची. त्यामुळें शिकारीचा प्रत्येक चित्ता रानांतून धरून आणावा लागे. विसाव्या शतकांत हिंदुस्थानांतील चित्ते विरळ झाले, तेव्हां कोल्हापूर व भावनगर या संस्थानांनीं ते थेट आफ्रिकेहून मागविले. त्यांना सांभाळणाऱ्या व शिकविणाऱ्या माणसांस आपल्याकडे चित्तेवान म्हणत.

आतां मुद्दा असा कीं, चित्ता वाऱ्यासारखा धांवतो, पण फार थोडा वेळ. तीनचारशें यार्डांत काळवीट हातीं लागलें तर लागलें. नाहींतर तो दम टाकून खालीं बसतो, आणि मग त्यास पुन्हां उठविणें चित्तेवानासही जड जातें. म्हणजे खरी कसोटी जनावराच्या जवळ जाण्याची. माळावर झाड नाहीं, झुडूप नाहीं, आणि काळविटाची नजर अशी कीं, पायीं चालणारा अनोळखी माणूस अर्ध्या कोसावर दिसला तरी कळपानें माना वर केल्याच म्हणून समजावें. अशा ठिकाणीं राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यानें निवडलेलें वाहन कोणतें? तर साधी, ठेंगणी बैलगाडी. तिच्यावर डोळ्यांस चामड्याची टोपी चढविलेला चित्ता बांधून बसवीत व शेजारीं चित्तेवान बसे. काळविटें रोज शेतकऱ्यांच्या गाड्या पाहात. त्यांच्या लेखीं गाडी म्हणजे धोका नव्हे. मात्र गाडी सरळ कळपाच्या रोखानें हाकावयाची नाहीं, हा त्यांतला पहिला नियम. ती तिरपी, जणूं बाजारालाच निघाली आहे अशी, घिरट्या घालीत न्यावयाची, मधूनच थांबवावयाची, आणि प्रत्येक घिरटीस अंतर थोडें थोडें कमी करावयाचें. शंभरएक यार्डांवर आल्यावर टोपी निघे, दोर सुटे, आणि पुढचें सारें कांहीं क्षणांत संपे. शिकार साधल्यावर चित्त्यास लांकडी पळींतून रक्त पाजीत, तो त्यांत गुंगला कीं टोपी पुन्हां चढे, आणि स्वारी परत गाडीवर.

फासेपारधी लोकांजवळ तर गाडीही नव्हती. ते शिकविलेला बैल पुढें घालून त्याच्या आडोशानें चालत, आणि चरत चरत पुढें सरकणाऱ्या त्या बैलाच्या मागें कोणी माणूस आहे हें हरणांच्या लक्षांत येण्यापूर्वीं फास मांडून होत असे. याच जमातीस शाहूमहाराजांनीं जवळ केलें, त्यांस कामावर ठेविलें, हें त्यांच्या चरित्रांतून आपण वाचलेंच आहे. गाडी काय किंवा बैल काय, तत्त्व एकच दिसतें: रानांतील वाहन निवडावयाचें तें आपल्या ऐटीवरून नव्हे, जनावराच्या सवयीवरून.

महाराजांच्या खडखड्याची आठवण या ठिकाणीं आल्यावांचून राहात नाहीं. मोठा, उघडा, घोडे जोडलेला हा गाडा. नांवावरूनच त्याचा आवाज कानीं यावा. मोठमोठ्या बग्ग्या व पुढें मोटारी दारीं असतां महाराज हातीं लगाम घेऊन खडखड्यांत बसत व साध्यासुध्या माणसांस शेजारीं घेत. गाडी उघडी असली म्हणजे चहूंकडचें दिसतें, कोणासही हांक मारतां येते, आणि उतरावयाचें झालें तर दार शोधावें लागत नाहीं. उघड्या वाहनाचा हा गुण रानांत तर दसपटीनें उपयोगी पडतो.

चित्त्यांच्या शिकारींतही पुढें बैलांच्या जागीं घोड्यांच्या गाड्या आल्या व मागाहून मोटारी आल्या. मोटारीचें आगमन ही शिकारीच्या इतिहासांतील सर्वांत मोठी घटना होय, असें आमचें मत आहे, बंदुकीहूनही मोठी. राजपुतान्यांतील कोट्याच्या महाराजांनीं १९२५ सालीं खास वाघाच्या शिकारीकरितां रोल्स-रॉइस कंपनीकडून एक मोटार बनवून घेतली. तिच्यावर शोधदिवे होते आणि तोफही होती! आमच्या कोल्हापूरची मेबॅक मोटार मात्र निराळ्या कुळांतली. विजयादशमीस दसरा चौकांत छत्रपतींची स्वारी तींतून येते, तेव्हां लहानथोर तिच्याकडे कौतुकानें पाहातात. तशी मोटार मिरवणुकीसच शोभते. कोट्याची मोटार ही पुढें येणाऱ्या गोष्टीची नांदी होती.

ती गोष्ट अशी. आजच्या छत्तीसगड राज्यांत असलेल्या कोरिया संस्थानचे अधिपति रामानुज प्रताप सिंह देव हे १९४७ सालीं एका रात्रीं मोटारींतून जात असतां त्यांना तीन चित्ते एकत्र आढळले. तिन्ही नर होते. तिन्ही तेथेंच मारले गेले. त्यानंतर हिंदुस्थानांत रानटी चित्ता मारल्याची खात्रीची नोंद नाहीं, आणि १९५२ सालीं सरकारनें हा प्राणी देशांतून नामशेष झाल्याचें जाहीर केलें. बैलगाडीवरून माळ तुडवीत, घिरट्या घालीत, दहांपैकीं कांहीं वेळां रिकाम्या हातीं परतणारी शिकार कोठें, आणि दिव्याच्या झोतांत दिपून जागच्या जागीं बसलेल्या जनावरावर मोटारींतून झाडलेल्या गोळ्या कोठें! महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या जीपगाड्या स्वस्तांत विकावयास निघाल्या. ज्या माळावर बैलगाडीस सकाळचा सारा प्रहर लागे, तो जीप घटकेंत पालथा घालूं लागली, आणि तोही रात्रीं, शोधदिवा लावून. काळविटांचे मोठमोठे कळप कोठें गेले, असें आपण विचारतों. त्याचें पुष्कळसें उत्तर या वाहनांत आहे. आज काळवीट पाहावयाचें तर कर्जत तालुक्यांतील रेहेकुरीसारख्या लहानशा अभयारण्यांत जावें लागतें, आणि चित्ता पाहावयाचा तर मध्यप्रदेशांत कुनोस. तेथें १७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियाहून आठ चित्ते आणून सोडण्यांत आले. राजवाड्यांनीं आफ्रिकेहून चित्ते आणविले होते ते काळविटें मारण्यासाठीं. सरकारनें आणविले ते चित्ताच जगवावा म्हणून. काळाचा हा फेर पाहण्यासारखा आहे.

म्हणूनच नवी मोटार रानांत घालण्याच्या उत्साहास आम्ही थोडी वेसण घालूं इच्छितों. हातीं बंदूक नाहीं म्हणजे आपण शिकारी नाहीं, असें समजण्याचें कारण नाहीं. वर सांगितलेल्या अधिनियमांत शिकार या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. मारणें, पकडणें, फांसांत अडकविणें हें तर तींत आहेच. शिवाय जनावराचा पाठलाग करणें, त्यास हांकणें, आमिष दाखविणें आणि यांपैकीं कशाचाही नुसता प्रयत्न करणें, हें सारें तींत येतें. गव्यांचा कळप मोटारीपुढें घालून छायाचित्राकरितां पळविणारा कॉलेजकुमार कायद्याच्या दृष्टीनें कोणत्या वर्गांत बसतो, हें त्याच्या वडिलांनीं त्यास निघण्यापूर्वींच समजावून सांगावें. गुन्ह्यांत वापरलेली गाडी जप्त होऊं शकते, हेंही सांगावें. कित्येकांना तेवढेंच समजतें.

आतां दाजीपूरविषयीं. राधानगरीच्या पलीकडील हें दाट रान करवीर छत्रपतींचें राखीव शिकारीचें रान होतें. १९५८ सालीं तेथें गव्यांसाठीं अभयारण्य झालें. महाराष्ट्रांतील जुन्यांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. पुढें त्याची हद्द वाढून तें राधानगरी अभयारण्य या नांवानें सुमारें ३५१ चौरस किलोमीटरांचें झालें, आणि २०१२ सालीं पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादींतही त्याचें नांव गेलें. ज्या धरणाच्या पाण्यावरून आपण तिकडे जातों, तें शाहूमहाराजांनीं आरंभिलें व स्वातंत्र्यानंतर पुरें झालें, हें मुलांना वाटेंत सांगण्यासारखें आहे. कोल्हापुराहून दाजीपूर सुमारें ८० किलोमीटर. राधानगरीपर्यंत रस्ता सोपा, पुढें वळणांचा व धुक्याचा. पावसाळ्यांत रान बंद असतें, आणि तें असावेंच. तेथला पाऊस ज्यानें पाहिला आहे तो त्या दिवसांत तिकडे जाण्याचें नांवही काढणार नाहीं.

तेथें नेण्यास उत्तम वाहन कोणतें? आमचें उत्तर पुष्कळांना निराश करील. घरची मोटार फाटकापर्यंतच न्यावी आणि आंत तेथील गांवकऱ्याच्या भाड्याच्या गाडींतून, वाटाड्या बरोबर घेऊन जावें. चार चाकांना जोर मिळणारी, उंच, लाखों रुपयांची नवी गाडी घेण्याचें खूळ हल्लीं फार बोकाळलें आहे. वर्षांतून दोन दिवस रानांत जाणाऱ्यानें उरलेले तीनशें त्रेसष्ट दिवस तें धूड महाद्वाराच्या गर्दींत कोठें उभें करावें, याचा विचार घेणारा करीत नाहीं. गांवकऱ्याच्या जुन्या गाडीस ओरखडा पडला तर तो हळहळत नाहीं; कोणत्या वळणावर चिखल आहे तें त्यास ठाऊक असतें; आणि मुख्य म्हणजे, तेथील गव्यांस त्या गाडीच्या आवाजाची संवय असते. बैलगाडीचें तत्त्व तें हेंच. कळपाच्या दिशेनें सरळ न जातां तिरपें जाऊन थांबणारा व यंत्र बंद करणारा वाटाड्या मिळाला, तर समजावें कीं आपण चित्तेवानाच्या वंशजाच्या हातीं आहों.

घरचीच गाडी आंत नेण्याची परवानगी मिळाली व नेणें भाग पडलें, तर कांहीं गोष्टी पाहाव्या. गाडीचें पोट जमिनीपासून पुरेसें उंच हवें. रस्त्यामधील गवताच्या वरंब्यावर तें घासतां कामा नये, कारण वाळलें गवत तापलेल्या नळीस लागून पेट घेऊं शकतें. जादा चाक हवा भरलेलें आहे ना, हें घरींच पाहावें. आजी-आजोबांना मागच्या चाकांवरील बांकावर बसवूं नये. तेथें धक्का सर्वांत अधिक लागतो. त्यांची जागा मधली. गाडींत बारा माणसें कोंबण्यापेक्षां दोन खेपा कराव्या. मुलांची दाटी झाली कीं कुरबूर सुरू होते, आणि कुरबूर ऐकून गवा थांबत नाहीं. तो हजार किलोपर्यंत भरणारा प्राणी दृष्टीपेक्षां घ्राणावर अधिक विसंबतो. म्हणून अत्तरें, सुवासिक तेलें व मोगऱ्याचे गजरे त्या दिवशीं घरीं ठेवावे, असें आमच्या भगिनींना आम्ही भीतभीतच सुचवितों. गाडींतून उतरूं नये. बसलेला माणूस गाडीचाच भाग दिसतो. उतरून उभा राहिला कीं तो माणूस दिसतो, आणि मग कळप तरी पळतो किंवा एखादा नर अंगावर तरी येतो.

वाहनाचें इतकें पुरे. निजण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण वाहनाची चूक फार तर चिखलांत रुतविते.

संस्थानी शिकारीचा मुक्काम म्हणजे एक चालतें गांवच असे. पेशखाना आदल्या दिवशीं पुढें जाई. मालक पोहोंचतात तों तंबू उभे, कनाती लागलेल्या, चुली पेटलेल्या. हें राजांचें झालें. पण ज्यांचे आजे-पणजे मामलेदारी, इंजिनिअरी किंवा जंगलखात्यांतील नोकरी करीत, अशा आमच्या पुष्कळ वाचकांच्या घरीं फिरतीच्या गोष्टी अद्याप सांगितल्या जात असतील. फिरतीवरचा सरंजाम थोडका: एक राहुटी, मोडतां येणारी खाट, वळकटी, कंदील, पाण्याची घागर. तरी त्यांतला प्रत्येक जिन्नस अनुभवानें ठरलेला असे. राहुटीभोवतीं चर खणावयाचा, मग आकाश निरभ्र कां असेना. वाळलेल्या फांदीखालीं राहुटी ठोकावयाची नाहीं. ओढ्याच्या पात्रांतली मऊ वाळू कितीही मोहविणारी असली, तरी तेथें निजावयाचें नाहीं. जनावरांच्या पाण्यावर जाण्याच्या वाटेपासून दूर राहावयाचें. आणि खाट सोडावयाची नाहीं. शिकारी मचाणावर बसत तें जनावर दिसावें म्हणून. पण मचाणावर रात्र काढणाऱ्यास दुसराही लाभ आपोआप मिळे, तो म्हणजे जमिनीपासून सुटका.

जमिनीवर निजण्यांत धोका कोणाचा? विचाराल तेथें लोक वाघाबिबळ्याचें नांव घेतील. आमच्या मतें भ्यावयाचें तें मण्यारीला. हा काळसर, अंगावर बारीक पांढरे पट्टे असलेला साप दिवसां दडून बसतो व रात्रीं हिंडतो. नागासारखा तो फणा काढून सूचना देत नाहीं, घोणसेसारखा फूत्कारत नाहीं. भुईवर झोंपलेल्या माणसाच्या अंथरुणांत तो शिरतो, कुशीवर वळतांना तो दाबला गेला कीं चावतो, आणि त्याचा दंश कित्येकदां इतका हलका असतो कीं निजलेला मनुष्य जागाही होत नाहीं. दांतांचे वण शोधूनही सांपडत नाहींत. मग पहांटेस पोटांत कळ येते, पापण्या जड होऊन मिटूं लागतात, घोंट गिळवेनासा होतो, आणि घरच्यांना वाटतें कीं रात्रीचें जेवण बाधलें. तेवढ्या वेळांत विषानें श्वासाचे स्नायू लुळे पडूं लागलेले असतात. अशा रीतीनें, साप चावला हें कोणास कळण्यापूर्वींच माणसें दगावलेलीं आहेत. रानांत नव्हे, तर पुष्कळदां खेड्यांतील स्वतःच्या घरांत.

यावर उपाय इतका साधा आहे कीं तो सांगितला तर कोणास खरा वाटत नाहीं. उंच खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी नुसती टांगून भागत नाहीं. तिच्या कडा गादीखालीं चोहोंकडून घट्ट खोंचल्या पाहिजेत. नेपाळच्या तराईंतील खेड्यांतून झालेल्या व २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, मच्छरदाणींत निजणाऱ्यांस सर्पदंश कमी होतो, असें दिसून आलें. जुने शिकारी मच्छरदाणी नेत ती डांस चावूं नयेत म्हणून. रानांतला ताप वाईट हवेनें येतो अशी त्यांतील पुष्कळांची समजूत होती. रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबादेस मलेरियाचा व डांसाचा संबंध शोधून काढला, तेव्हां मच्छरदाणीचा एक गुण सिद्ध झाला. दुसरा गुण सिद्ध होण्यास आणखी शंभरावर वर्षें लागलीं.

खाट मिळण्यासारखी नसेल तेव्हां? दाजीपुरास वनखात्याच्या किंवा रानाच्या कडेच्या खासगी निवासांत एका खोलींत आठ माणसें, दोन पलंग, असा प्रकार एकत्र कुटुंबाच्या सहलींत हटकून होतो. अशा वेळीं पलंग वडिलांना व जमीन मुलांना, ही आपली रीत. आदर म्हणून ती ठीकच. पण लहान मुलास विष मोठ्यापेक्षां अधिक बाधतें, हें ध्यानांत ठेवून मुलांना भुईवर निजवावयाचेंच असेल, तर चार कोपऱ्यांस बांधावयाची मोठी मच्छरदाणी घरून न्यावी व तिच्या कडा जाड सतरंजीखालीं दाबाव्या. हल्लीं तळासकट शिवलेल्या, छत्रीसारख्या उघडणाऱ्या मच्छरदाण्या मिळतात. आम्हांस त्या दिसावयास पिंजऱ्यासारख्या वाटतात, पण भुईवर निजणाऱ्यास त्यांच्यासारखी दुसरी सोय नाहीं. अंथरुणें भिंतीस चिकटवूं नयेत. दशम्या-लाडवांचे डबे उशाशीं ठेवूं नयेत. त्यांच्या वासानें उंदीर येतात, आणि उंदरामागून येणारा कोण तें सांगावयास नको. तंबूंत निजावयाचें असेल तर शिवलेल्या तळाचा व दाराची साखळी पूर्ण मिटणारा तंबू घ्यावा, आणि अभयारण्याच्या हद्दींत परवानगीवांचून तो कोठेंही ठोकूं नये.

पांघरुणाविषयीं आम्ही जुन्या मताचे आहों. विलायती पद्धतीच्या पिशवींत गळ्यापर्यंत शिरून निजणें तरुणांना आवडतें. हलकी व उबदार असते, हेंही खरें. परंतु रात्रींतून दोनदां उठावें लागणाऱ्या आजोबांना ती पिशवी म्हणजे शिक्षाच. सह्याद्रीच्या दंवास धनगरी घोंगडीसारखें दुसरें वस्त्र नाहीं. खालीं जेन, वर घोंगडी. लोंकरीस ओल लागली तरी ऊब टिकते, आणि ठिणगी पडली तर कृत्रिम धाग्यासारखी ती वितळून अंगास चिकटत नाहीं. टोंचते म्हणून तक्रार करणारांनीं आंतून सुती चादर घ्यावी. मात्र दिवसां रानांत अंथरलेली घोंगडी रात्रीं तशीच अंगावर घेऊं नये. ती उन्हांत झटकून, गोचिडी नाहींत ना हें पाहून मग आंत आणावी. १९५७ सालीं शिमोगा जिल्ह्यांत प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडीपासून होतो, आणि २०१६ सालीं शेजारच्या सिंधुदुर्गांत दोडामार्गकडे त्याची सांथ होती. तेव्हां रानांतून आल्यावर मुलांच्या मानेवर, काखेंत व कंबरेभोंवतीं आयांनीं एकदां हात फिरवून पाहावा, यांत अतिरेक कांहीं नाहीं.

गाडींतच निजण्याची एक नवी टूम निघाली आहे. मागचा बांक आडवा केला, वर गादी टाकली, कीं झाला बिछाना. साप, विंचू, पाऊस या सर्वांपासून ती सुरक्षित, हें कबूल. पण कांचा पूर्ण लावून, थंडी किंवा उकाडा वाटतो म्हणून यंत्र चालू ठेवून कोणी निजूं नये. त्या धुरांत रंग नाहीं, वास नाहीं असा एक विषारी वायु असतो. तो निजलेल्या माणसास जागें होऊं देत नाहीं. बंद खोलींत किंवा तंबूंत कोळशाची शेगडी ठेवून निजणाऱ्याचीही तीच गत. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या दरवर्षीं येतात आणि दरवर्षीं आपण हळहळतों. गाडींत निजावयाचें तर यंत्र बंद, दोन बाजूंच्या कांचा चार चार बोटें उघड्या, व त्या फटींवर जाळी.

आणि गाडी रात्रीं उभी करावयाची ती कशी, याबद्दल दोन शब्द. संध्याकाळीं मुक्कामावर पोहोंचल्यावर आपण गाडी जशी येईल तशी, भिंतीकडे तोंड करून उभी करतों, तिच्यामागें दुसरी मोटार लागते, आणि किल्ली कोणाच्या तरी खिशांत राहाते. तसें करूं नये. गाडीचें तोंड रस्त्याकडे असावें, मागेंपुढें वाट मोकळी असावी, आणि राधानगरी सोडतांना टांकी भरून घेतलेली असावी. किल्ली दाराजवळच्या खुंटीस टांगावी व ती तेथें आहे हें घरांतील प्रत्येक मोठ्या माणसास ठाऊक असावें. पहांटे कोणाच्या पापण्या मिटूं लागल्या, बोबडी वळूं लागली, तर वण शोधीत बसूं नये. दंशाच्या जागीं चिरूं नये, आंवळून बांधूं नये, तोंडानें चोखूं नये, आणि मांत्रिकाकडे तर मुळींच जाऊं नये. रोग्यास धीर द्यावा, चालवूं नये, आडवें निजवून हातपाय हलूं न देतां गाडींत ठेवावें आणि निघावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चौघांच्याही विषावर चालणारी लस एकच आहे. ती वाटेंतील जवळच्या सरकारी दवाखान्यांत तयार आहे कीं नाहीं, हें १०८ या क्रमांकावर विचारून घ्यावें, आणि श्वास मंदावत असेल तर कृत्रिम श्वासाची सोय असलेलें कोल्हापूरचें सी. पी. आर. रुग्णालय गांठावें. दाजीपुराहून तेथवर, धुक्यांतून, दोन तासांची वाट आहे. तिच्यावर गाडी चालविणारा मनुष्य आदल्या रात्रीं पुरेसा निजलेला हवा. म्हणून बिछाने घालतांना सर्वांत चांगला पलंग कोणाचा, हा वाद पडला, तर तो आजोबांच्या खालोखाल त्याला द्यावा.